ट्रॅकबॉल हा माऊस आहे काय? : संगणकीय खेळांच्या संदर्भात एक विवेचन

१

सामासिक शब्दाच्या उत्तरपदावर आपण सहसा विश्वास ठेवतो. 'नीलकमल' म्हटले की ते कमळच असणार, हे निराळे सांगावे लागत नाही. तत्पुरुष समासात उत्तरपद प्रधान असते. वस्तूची जात ते सांगते आणि पूर्वपद त्या जातीतील विशेष सांगते, हे आपण शालेय व्याकरणातच शिकलेलो असतो. तथापि भाषेत 'रातराणी'सारखेही शब्द असतात. रातराणी ही राणी नव्हे, ते एक झुडूप आहे. तेथे उत्तरपद जात सांगत नाही. ते केवळ गौरवार्थ योजलेले आहे. संगणकाच्या दुकानात 'ट्रॅकबॉल माऊस' या नावाने जे उपकरण विकले जाते, त्याचे नाव या दोहोंपैकी कोणत्या प्रकारात मोडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ शब्दशास्त्रापुरता असता तर त्याची चर्चा चार ओळींत आटोपली असती. परंतु या नावाचा व्यवहारावर परिणाम होतो. संगणकावर खेळण्यासाठी ट्रॅकबॉल वापरू इच्छिणाऱ्यास बहुधा पहिला अभिप्राय असा मिळतो की, खेळाच्या दृष्टीने हा माऊस निकृष्ट आहे. ज्याचे मनगट, कोपर वा खांदा नित्याचा माऊस चालवू देत नाही, त्याला या अभिप्रायाची किंमत खेळ सोडून देऊन मोजावी लागते. म्हणून हा अभिप्राय कितपत खरा आहे आणि त्यातील किती भाग वस्तूच्या गुणावगुणांवर व किती नावावर आधारलेला आहे, हे तपासून पाहणे युक्त होईल.

२

प्रथम इतिहास पाहू. ट्रॅकबॉलची कल्पना १९४६ मध्ये राल्फ बेंजामिन यांनी ब्रिटिश नौदलाच्या रडार-यंत्रणेसाठी काम करीत असताना मांडली, आणि १९४७ मध्ये तिच्या पेटंटासाठी अर्ज झाला. लष्करी गोपनीयतेमुळे ती बाहेर फारशी कोणास ठाऊक झाली नाही. पुढे १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलाच्या 'डेटार' या प्रकल्पात टॉम क्रॅन्स्टन, फ्रेड लाँगस्टाफ आणि केन्यन टेलर यांनी स्वतंत्रपणे असेच उपकरण तयार केले. त्यासाठी त्यांनी वापरलेला गोळा तेथील फाइव्ह-पिन बोलिंग या खेळातील चेंडूच होता.

माऊसचा जन्म यानंतरचा. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेनुसार बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत त्याचा पहिला नमुना घडविला आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. त्या नमुन्यात गोळा नव्हता. परस्परांशी काटकोनात बसविलेली दोन चाके होती. गोळा असलेला माऊस त्याच वर्षी जर्मनीतील टेलेफुंकेन कंपनीने पुढे आणला, आणि तो कसा सुचला हे येथे विशेष महत्त्वाचे आहे. विमान-वाहतुकीच्या नियंत्रणासाठी टेबलात बसविलेला ट्रॅकबॉल त्या कंपनीपाशी होताच. तोच लहान करून उपडा घातला आणि टेबलावर सरकू दिला.

यावरून वंशावळ उघड होते. ट्रॅकबॉल हा माऊसचा प्रकार नव्हे. गोळ्याचा माऊस हाच उपड्या ट्रॅकबॉलचा प्रकार होय. नावाने मात्र हा क्रम उलटविला. कालांतराने माऊस घरोघर पोहोचला आणि ट्रॅकबॉल थोड्यांचाच राहिला. साहजिकच मोठ्याच्या नावाने धाकट्याची ओळख करून देण्यात येऊ लागली. केन्सिंग्टन कंपनीच्या 'टर्बो माऊस' आणि 'एक्स्पर्ट माऊस' या दोन्ही उपकरणांच्या नावांत माऊस आहे; प्रत्यक्षात ती दोन्ही ट्रॅकबॉल आहेत.

३

आता रचनेकडे वळू. माऊसमध्ये संपूर्ण उपकरण सरकते व हात त्याच्याबरोबर जातो. ट्रॅकबॉलमध्ये उपकरण जागचे हलत नाही. खोबणीत तीन लहान आधारबिंदूंवर टेकलेला गोळा तेवढा बोटांनी वा अंगठ्याने फिरविला जातो, आणि त्याच्या पृष्ठभागाची गती आतील प्रकाशसंवेदक टिपतो. पाटा-वरवंटा आणि जाते यांच्यातील भेद येथे आठवावा. वरवंटा पाट्याच्या टोकाशी पोहोचला की मागे आणावा लागतो. जात्याची तळी जागीच राहते, पाळ हवी तितकी फिरते, आणि एकदा वेग घेतल्यावर तिला थोडी स्वतःची गतीही असते.

या भेदातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, दोन्ही उपकरणे संगणकाला 'इतके सरकले' एवढेच कळवीत असली, तरी माऊस धरणाऱ्याच्या शरीराला आपला हात टेबलावर कोठे आहे याचे भान असते. नेम साधण्याची सवय या भानावर पोसली जाते. ट्रॅकबॉलवर हात स्थिर असल्यामुळे हा आधार मिळत नाही. तेथे डोळा आणि बोटांचा स्पर्श यांवरच भिस्त ठेवावी लागते. दुसरी अशी की, मोठ्या गोळ्याला जडत्व असते. फिरकी देऊन बोट उचलले तरी तो काही काळ फिरत राहतो. तिसरी अशी की, बटण दाबताना ट्रॅकबॉलचे अंग हलत नाही, त्यामुळे नीट साधलेला नेम दाबाच्या धक्क्याने ढळण्याचा संभव कमी असतो.

४

ज्या खेळांची घडण ट्रॅकबॉल गृहीत धरून झाली, त्यांत हे गुण स्पष्ट दिसतात. अटारी कंपनीच्या 'फुटबॉल' या १९७८ च्या खेळात खेळाडू जितक्या वेगाने गोळा फिरवील तितक्या वेगाने पडद्यावरील गडी धावत. १९८० च्या 'मिसाइल कमांड'मध्ये एका हाताने गोळा फिरवून आकाशातील नेम धरावयाचा आणि दुसऱ्या हाताने तीन बटणांपैकी एक दाबून त्या त्या तळावरून क्षेपणास्त्र सोडावयाचे, अशी श्रमविभागणी होती. १९८१ चा 'सेंटिपीड' आणि १९८४ चा 'मार्बल मॅडनेस' हेही याच परंपरेतील. शेवटच्या खेळात तर पडद्यावर उतारावरून घरंगळणारी गोटीच चालवावयाची असल्यामुळे हाताखालचा गोळा आणि खेळातील गोटी यांत जवळजवळ अभेद निर्माण झाला.

'मिसाइल कमांड' हाच खेळ पुढे अटारी २६०० या घरगुती यंत्रावर जॉयस्टिकने खेळला जाऊ लागला. त्या जॉयस्टिकमध्ये केवळ स्विच होते. दिशा सांगता येई, वेगाची मात्रा सांगता येत नसे. खेळ तोच, नियमही बहुतांशी तेच. पण हाताच्या हालचालीतील बारीक तरतमभाव गळून पडला. उपकरण बदलले की खेळाचा अर्थही थोडा बदलतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

५

'निकृष्ट' या अभिप्रायाला शास्त्रीय आधार नाही असे मात्र नाही. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखविले की, लक्ष्यापर्यंत हात नेण्यास लागणारा वेळ लक्ष्याचे अंतर आणि त्याची रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिथमवर अवलंबून असतो. या सूत्राच्या आधारे स्कॉट मॅकेन्झी, अबिगेल सेलन आणि विल्यम बक्स्टन यांनी १९९१ मध्ये माऊस, ट्रॅकबॉल आणि लेखणी यांची तुलना केली. लक्ष्य दर्शविणे आणि बटण दाबून धरून ओढणे या दोन्ही कामांत ट्रॅकबॉल सर्वांत मंद ठरला, आणि ओढण्याच्या कामात त्याच्या चुका लक्षणीयरीत्या अधिक झाल्या. कारण उघड आहे. एकाच हाताच्या काही बोटांनी बटण दाबून धरावयाचे आणि उरलेल्या बोटांनी गोळा फिरवावयाचा, यात स्नायूंची परस्परांशी ओढाताण होते.

आता या कसोट्या खेळांच्या भाषेत मांडून पाहू. 'काउंटर-स्ट्राइक'सारख्या नेमबाजीच्या खेळात एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर क्षणार्धात झेप घेऊन नेमके थांबावे लागते. हे फिट्स यांचेच काम होय. 'स्टारक्राफ्ट'सारख्या खेळात सैनिकांभोवती चौकट ओढून ते निवडावे लागतात. हे ओढण्याचे काम होय. येथे माऊसची सरशी मान्य केलीच पाहिजे. परंतु 'सिव्हिलायझेशन'सारखा पाळीपाळीने खेळावयाचा डाव, नगररचनेचे खेळ, किंवा अवकाशयानातून सतत सर्व दिशांना वळत राहण्याचे खेळ यांत ही कसोटी गौण ठरते. शेवटच्या प्रकारात तर टेबलाची कड कधीच आड येत नाही, हा ट्रॅकबॉलचा मोठाच लाभ आहे.

६

नेमबाजीच्या खेळांतही अडचण नेमकी कोठे आहे, हे थोड्या गणिताने समजते. अंगठ्याने चालविण्याच्या प्रचलित ट्रॅकबॉलचा गोळा साधारणतः ३४ मिलिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे परीघ सुमारे १०७ मिलिमीटर. अंगठा एका खेपेस गोळा पाव फेरा फिरवितो असे धरल्यास पृष्ठभाग सुमारे २७ मिलिमीटर सरकतो. एखाद्या माऊसधारी खेळाडूने खेळात पूर्ण वळण घेण्यास ३० सेंटिमीटर हालचाल लागेल अशी योजना केली असेल, तर तीच योजना ट्रॅकबॉलवर घेताना अंगठ्याच्या सुमारे ११ खेपा होतील. संवेदनशीलता वाढविली तर खेपा कमी होतात, पण नेमाचा बारकावा जातो. माऊसचे माप जसेच्या तसे उचलले की या कोंडीतून सुटका नाही.

सुटका आहे ती ट्रॅकबॉलच्या स्वतःच्या गुणांत. बोटांनी चालविण्याचा मोठा गोळा, उदाहरणार्थ ५५ मिलिमीटर व्यासाचा, घेतला तर एका सणसणीत फिरकीने तो मुक्तपणे फिरतो व बोट टेकवून हवा तेथे थांबविता येतो. मोठे वळण जडत्वाने आणि सूक्ष्म नेम बोटांच्या टोकांनी, अशी कामाची वाटणी होते. संगणकाने कर्सरची गती आपल्या मनाने वाढविण्याची जी सोय असते ती बंद ठेवणे इष्ट, कारण तीमुळे एकाच फिरकीचे फळ प्रत्येक वेळी निराळे मिळते. बटण दाबून धरण्याच्या क्रिया, जेथे खेळ तशी मुभा देतो तेथे, एकदा दाबून चालू व पुन्हा दाबून बंद अशा करून घ्याव्यात, किंवा 'मिसाइल कमांड'प्रमाणे दुसऱ्या हाताकडे, म्हणजे कीबोर्डावर, सोपवाव्यात. ओढण्याच्या कामातील ओढाताण यामुळे बरीचशी टळते.

देखभालीचा मुद्दाही गौण नव्हे. आधारबिंदूंवर त्वचेचा तेलकटपणा आणि धूळ साचली की गोळा हलू लागण्यापूर्वी क्षणभर अडखळतो आणि मग एकदम पुढे जातो. सूक्ष्म नेमात हा अडखळा घातक ठरतो. गोळा काढून ते तीन बिंदू वरचेवर पुसणे एवढाच त्यावर उपाय आहे. गोळा वाईट आहे असे म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांची तक्रार वस्तुतः मळाविषयी असते.

७

ज्यांच्यासाठी ही चर्चा मुख्यतः केली, त्यांच्याकडे शेवटी वळू. ट्रॅकबॉल वापरताना दंड व खांदा जवळजवळ स्थिर राहतात, आणि मांडीवर, अंथरुणावर वा चाकांच्या खुर्चीच्या हातावरही तो ठेवता येतो. तो औषध मात्र नव्हे. अंगठ्याच्या ट्रॅकबॉलमध्ये मनगटाचा भार अंगठ्यावर जातो. ज्याचा अंगठाच दुखरा आहे त्याने बोटांचा ट्रॅकबॉल निवडावा हे बरे. एवढी सावधगिरी बाळगल्यावर असे म्हणता येईल की, अशा खेळाडूच्या बाबतीत माऊसशी तुलनाच अप्रस्तुत आहे. त्याच्यापुढील पर्याय 'माऊस की ट्रॅकबॉल' असे नसून 'खेळणे की न खेळणे' असे आहेत.

तेव्हा 'ट्रॅकबॉल माऊस' हे नाव 'नीलकमल'च्या वर्गातील नसून 'रातराणी'च्या वर्गातील आहे, असा निर्णय द्यावा लागतो. रातराणीकडून कोणी राज्यकारभाराची अपेक्षा करीत नाही, म्हणून ते नाव निरुपद्रवी आहे. येथे मात्र उत्तरपदाने अपेक्षा निर्माण केली, अपेक्षेने माप ठरविले आणि मापाने निकाल दिला. मराठीत या उपकरणास पुढेमागे स्वतंत्र संज्ञा योजावयाची झाल्यास तीत माऊस वा त्याचा कोणताही प्रतिशब्द उत्तरपदी येऊ नये, एवढे पथ्य परिभाषाकारांनी पाळावे. तोवर नुसते 'ट्रॅकबॉल' म्हणणे पुरेसे आहे. आणि या उपकरणाची परीक्षा घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी फिट्स यांच्या कसोटीबरोबर सतत वळत राहण्याची, दीर्घकाळ न थकता खेळण्याची आणि हात न हलविता खेळण्याची कसोटीही लावून पाहावी.