छातीतील कळ आणि तिचे मोजमाप

लखनौच्या उत्तरेस, सीतापूरच्या रस्त्यावर बख्शी का तालाब हे गाव आहे. अशा ठिकाणी अपरात्री कोणाच्या छातीत कळ आली, की प्रश्न उभा राहतो: हे पित्त, की हृदयविकाराचा झटका? रोग्यास शहरातील मोठ्या रुग्णालयात हलवावयाचे की नाही, हे त्या उत्तरावर ठरते.

कळेची तीव्रता येथे फसवी असते. पित्तानेही मनुष्य तळमळतो. उलट मधुमेह्यास झटक्यात कधी केवळ घाम आणि धाप जाणवते. म्हणून रोगी आल्यावर दहा मिनिटांच्या आत हृदयाचा विद्युत्-आलेख काढावा, असा दंडक आहे. त्यात झटक्याची उघड खूण दिसली, तर पुढील गणित मांडत बसू नये. रक्तवाहिनी मोकळी करण्याची तजवीज तत्काळ करावी.

खूण न दिसल्यास हॉलंडमधील वैद्यांनी २००८ साली मांडलेली गुणपद्धती उपयोगी पडते. दुखण्याची हकीकत, आलेख, वय, धूम्रपान-मधुमेहादी धोके आणि हृदयाच्या स्नायूस इजा होताच रक्तात उतरणारे ट्रोपोनिन, या पाचांस प्रत्येकी ० ते २ गुण द्यावयाचे. बेरीज ३ पर्यंत असल्यास धोका अल्प. ४ ते ६ असल्यास रोगी देखरेखीखाली ठेवावा. ७ वा अधिक असल्यास धोका मोठा.

मात्र ट्रोपोनिन वाढण्यास काही तास लागतात. जो तत्परतेने आला, त्याचीच पहिली तपासणी निर्दोष दिसण्याचा संभव असतो. म्हणून ती पुन्हा करावी लागते. अल्प धोका म्हणजे अभय नव्हे. आणि हे गणित वैद्याचे आहे; घरच्यांचे काम एकच, रोग्यास विनाविलंब त्याच्यापर्यंत पोहोचविणे.