गाडी उजवीकडे का ओढते?

बैलगाडीचा आख किंचित वाकला, की शेतकऱ्याला ते डोळ्यांआधी कानांनी कळते. मोटारीचे तसे नाही. तिचे चाक दोन अंशांनी कलले तरी ती बिचारी कुरकुर करीत नाही. गुपचूप टायर खात राहते, आणि नव्या टायरची किंमत ऐकली म्हणजे मालक कपाळाला हात लावतो.

माझ्या भाच्याचे असेच झाले. धाराशिव, तुळजापूर, सोलापूर या रस्त्यावर त्याची जुनी सुमो प्रवासी नेते. (ही गाडी १९९४ साली निघाली. तिचे नाव सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावांवरून पडले आहे, जपानी कुस्तीवरून नव्हे.) खेड्यांच्या वाटेवर गाडीचे पोट घासते म्हणून त्याने ती उंच करून घेतली आणि पुढच्या चाकांना बाजारातले, लांबी कमीजास्त करता येणारे वरचे आर्म बसवले. डब्यातून काढले तसेच! चार महिन्यांत डाव्या टायरची आतली कड गुळगुळीत झाली. त्याहून वाईट म्हणजे, स्टिअरिंगवरची पकड सैल होताच गाडी उजवीकडे, समोरून येणाऱ्या ट्रककडे सरके. तुळजापूरचा घाट, मागे आठ माणसे, आणि नवरात्र तोंडावर! माझ्या बहिणीची झोप उडाली.

"मामा, दुसरे टायर टाकू का?" भाचा म्हणाला. मी त्याला आमच्या ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे नेले. त्यांना सगळे चाचा म्हणतात.

चाचांनी पान्याला हातही लावला नाही. आधी चारी टायरांची हवा पाहिली, मग बुश आणि बॉल जॉइंट हलवून पाहिले, मग दोन्ही बाजूंची उंची मोजली. "ढिल्या सांध्यावर माप घेणं म्हणजे हलत्या घोड्याला नाल ठोकणं," ते म्हणाले. नंतर त्यांनी चक्क गवंड्याचा ओळंबा काढून चाकाबाहेर सोडला! रिमची वरची कड दोरीपासून खालच्या कडेपेक्षा किती आत आहे, ते मोजायचे. ४०० मिलिमीटर उंचीत ७ मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे १ अंश. उजवीकडे ३ निघाले, डावीकडे १४! डावे चाक माथ्याशी आत झुकले होते. दोन्ही चाकांचा कल सारखा नसला, की ज्या चाकाचा माथा बाहेरच्या अंगाला अधिक असतो त्या बाजूला गाडी ओढते. येथे ते चाक उजवे.

उपाय साधा, पण चिकाटीचा. चाक उचलायचे, आर्मचे टोक सोडवून आटे फिरवायचे, आर्म लांब करायचा. चाकाचा माथा बाहेर येतो. पुन्हा खाली ठेवून गाडी पुढेमागे ढकलायची, म्हणजे स्प्रिंगा बसतात, आणि मग माप. असे तीन वेळा झाले. आटे किती बाहेर काढायचे यालाही मर्यादा आहे: पुरेसे आटे आत राहिले नाहीत तर टोक निसटेल, आणि त्यापुढे विचार न केलेला बरा.

कल जुळल्यावर कॅस्टर पाहिला. सायकलचा चिमटा मागे झुकलेला असतो म्हणून चाक आपोआप सरळ होऊ पाहते. मोटारीतही तेच तत्त्व. वरचा सांधा थोडा मागे घेतला की वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून परतते. कॅस्टर हलला की कल पुन्हा थोडा बिघडतो, सबब ओळंबा पुन्हा बाहेर! सगळ्यात शेवटी टो, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडे. तो आधी जुळवणारे लोक एकच काम दोनदा करतात, कारण वरचे काहीही हलवले की टो बदलतोच.

रबरी बुशांचे बोल्ट चाचांनी गाडी चाकांवर उभी असतानाच आवळले. लटकत्या चाकावर आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकची नळी कुठे घासत नाही ना, तेही पाहिले. मग प्रत्येक लॉकनटावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली, की नट हलला असे समजायचे.

दुसऱ्या दिवशी सोलापुरात संगणकाच्या यंत्रावर गाडी चढवली. डावी-उजवीत पाव अंशाचाही फरक नव्हता. परतताना घाट चढून आलो, तेव्हा भाच्याने गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि टॉर्च घेऊन आधी पांढऱ्या रेघा पाहिल्या.