हिरवी शाई, जुनी श्रेणी

सरकारी कचेरीत शाईलाही दर्जा असतो. राजपत्रित अधिकाऱ्याने हिरव्या शाईने सही करायची, हा जुना रिवाज. पाथर्डी असो की अकोले, तहसील कचेरीत नायबसाहेबांच्या टेबलावर हिरवा पेन असतो, गोल शिक्का असतो आणि समोर रांग असते. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे का थांबले, हे विचारायला आलेली आजी, पोरीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खोळंबलेला बाप, भावकीने वाट अडवली म्हणून अर्ज घेऊन आलेला शेतकरी. या सगळ्यांच्या लेखी नायबसाहेब म्हणजे सरकार.

हे सरकार ३ एप्रिल २०२३ रोजी, सोमवारी, संपावर गेले. राज्यभरातल्या तहसीलदार-नायब तहसीलदारांनी काम थांबवले. नायब तहसीलदारांचे ग्रेड वेतन ४३०० रुपयांवरून ४८०० करा, ही त्यांची मागणी. जुन्या पेन्शनसाठीचा कर्मचाऱ्यांचा संप २० मार्चला मिटला होता आणि त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्यामुळे ‘आता यांचं काय?’ असे लोकांनी विचारणे साहजिक होते.

त्यांचे दुखणे जुने होते. १३ ऑक्टोबर १९९८ रोजी नायब तहसीलदाराचे पद वर्ग तीनमधून वर्ग दोनमध्ये आले, राजपत्रित झाले. हातात हिरवा पेन आला, पण वेतनश्रेणी वर्ग तीनच्याच मापाची राहिली, ही संघटनेची तक्रार. ती पंचवीस वर्षे मंत्रालयाच्या फायलींत फिरत होती. ४३०० आणि ४८०० यांत फरक दिसतो पाचशेचा. पण सातव्या वेतन आयोगात या ग्रेड वेतनाचे तक्ते झाले, तेव्हा एका श्रेणीची सुरुवात ३८,६०० रुपयांवर आणि दुसरीची ४७,६०० रुपयांवर आली. म्हणजे मूळ पगारातच महिन्याला नऊ हजारांचे अंतर. राज्यसेवेची तीच परीक्षा देऊन मंत्रालयात कक्ष अधिकारी झालेला मित्र वरच्या श्रेणीत आणि तालुक्यात पंचनामे करणारा खालच्या. पैशापेक्षा हे जास्त लागते.

योगायोग असा की तेव्हाचे महसूलमंत्री राधाकृष्ण विखे पाटील पाथर्डी-अकोल्याच्या याच नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले, राहाता तालुक्यातल्या लोणीचे. त्यांच्याशी बोलणी झाली, आश्वासन मिळाले आणि काही दिवसांत संप स्थगित झाला. त्याच महिन्यात पारनेर तालुक्यात वनकुटे परिसराला गारपिटीने झोडपले. पाहणीला मुख्यमंत्री आले. पाहणी तासाभरात उरकते, पंचनामे करायला मात्र तलाठी भाऊसाहेबांपासून नायबसाहेबांपर्यंत सगळे बांधोबांध हिंडतात. नगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरहून मोठा, चौदा तालुक्यांचा. अकोल्याच्या डोंगरात भात सडतो, तेव्हा जामखेडला पेरणीची वाट पाहावी लागते. मुळा-प्रवरा-गोदावरीच्या पात्रांत रात्री वाळूच्या गाड्यांमागे धावायचे तेही याच लोकांनी. एवढे करून निवडणुका आहेतच.

पगाराहून अवघड प्रश्न पुढच्या पायरीचा. राज्यसेवेच्या गुणवत्ता यादीत चार-दोन गुणांच्या फरकाने एक जण उपजिल्हाधिकारी होतो, दुसरा तहसीलदार, तिसरा नायब. कचेरीतूनच वर येणाऱ्यांची वाट वेगळी: आधी कारकून, मग अव्वल कारकून किंवा मंडळ अधिकारी, मग नायब. सरळसेवेचा तरुण आणि पदोन्नतीचा प्रौढ एकाच संवर्गात बसले की ज्येष्ठ कोण, हा वाद पेटतो. मग ‘मानीव दिनांक’ हा शब्द कानावर येऊ लागतो. प्रत्यक्ष बढती उशिरा मिळाली, पण ती अमुक तारखेला मिळाली असे मानावे, अशी मागणी. हे वाद १९९१ पासून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे ‘मॅट’मध्ये, जातात. त्यात पदोन्नतीतल्या आरक्षणाची भर. हे आरक्षण देणारा २५ मे २००४ चा शासन निर्णय उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द ठरवला. ७ मे २०२१ ला सरकारने २५ मे २००४ च्या स्थितीतली सेवाज्येष्ठता धरून सगळ्या जागा भरायचे ठरवले. कोणाला न्याय वाटला, कोणाला अन्याय. यादी मात्र प्रत्येक वेळी हलली.

शेवटची पायरी आयएएसची. राज्याच्या केडरमधली एक तृतीयांशपर्यंत पदे राज्य सेवेतून बढतीने आणि निवडीने भरता येतात. त्यासाठी उपजिल्हाधिकारी म्हणून किमान ८ वर्षे सेवा हवी, गोपनीय अहवाल चांगले हवेत आणि वयही मर्यादेत हवे. यादी रखडली तरी वय थांबत नाही. निवड झालीच, तर जुनी सेवा मोजण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. पहिल्या २१ वर्षांपर्यंत दर ३ वर्षांमागे एक, पण किमान ४, आणि पुढच्या दर २ वर्षांमागे एक, तेही ३ वर्षांपर्यंतच. चोवीस वर्षे उपजिल्हाधिकारी राहिलेल्याच्या खात्यावर ८ वर्षे जमा होतात. ज्येष्ठतेच्या यादीत त्याच्या शेजारी येतो तो आठ वर्षांपूर्वी थेट भरती झालेला तरुण.

बढतीची वाट अरुंद झाली की काय होते, हे या मुलखाने फार पूर्वी पाहिले आहे. ज्याच्या नावाने मुंबईची मंडई ओळखली गेली, तो आर्थर क्रॉफर्ड पुढे मध्य भागाचा कमिशनर झाला. नगर जिल्हा याच भागात. बढतीसाठी, सोयीच्या बदलीसाठी मामलतदारांना, म्हणजे तेव्हाच्या तहसीलदारांना, पैसे मोजावे लागत, हे १८८८ मध्ये उघडकीला आले. अभय देऊन सरकारने मामलतदारांच्या साक्षी घेतल्या, मग त्यांच्यातल्याच काहींना नोकरीतून काढले. शब्द पाळा, म्हणून टिळक त्यांच्या बाजूने उभे राहिले. पैसे देणारे निर्दोष नव्हते. पण बढती नियमाने मिळत नसेल तर तिचा बाजार भरतो, एवढे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

आजही लोकांना या अधिकाऱ्यांचा कळवळा येणे कठीण आहे. ज्याने दाखल्यासाठी चार हेलपाटे मारले, त्याला साहेबांची श्रेणी ऐकवू नये. पण त्या चार हेलपाट्यांमागे कधी कधी हीच कहाणी असते. जागा पदोन्नतीची, यादी न्यायाधिकरणात, म्हणून खुर्ची रिकामी आणि शेजारच्या तालुक्याच्या साहेबांकडे अतिरिक्त कार्यभार. ते आठवड्यात दोन दिवस येतात. १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली चाललेल्या रस्ता केसला मग पुढची तारीख पडते आणि अडवलेल्या वाटेपलीकडचा ऊस फडातच उभा राहतो.

श्रेणी वाढवायची तर तिजोरीत हात घालावा लागतो, त्यावर वाद होऊ शकतो. १ जानेवारीच्या स्थितीची ज्येष्ठता यादी वेळेवर लावायला आणि पदोन्नती समितीची बैठक ठरल्या महिन्यात घ्यायला मात्र वेगळा पैसा लागत नाही. तेवढे झाले तरी तारीख घेऊन परतणाऱ्या शेतकऱ्याचा एखादा हेलपाटा वाचेल.