परक्या भाषेतले गाणे आणि घरची बोली

"शब्द कळत नाहीत, तर ऐकता तरी काय?" परभाषेतले गाणे आवडीने ऐकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न केव्हा ना केव्हा विचारला जातो. वसतिगृहात कोणी स्पॅनिश किंवा कोरियन गाणे लावले, की शेजारच्या खोलीतून तो हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात थोडी थट्टा असते आणि हा गडी उगीच रसिकतेचा आव आणतो आहे की काय, अशी थोडी शंकाही असते. प्रश्न थट्टेतला असला तरी टाळण्यासारखा नाही. गाण्यात शब्द असतात ते काही शोभेसाठी नसतात. मग त्यांचा अर्थ लागत नसताना होणारा आनंद खरा की खोटा, आणि खरा असेल तर तो कशाचा, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

पहिली गोष्ट ही, की न कळणाऱ्या भाषेतले गाणे ऐकण्याची सवय मराठी माणसाला मुळीच नवी नाही. रात्र रात्र जागून ख्याल ऐकणारे श्रोते आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. ख्यालाच्या बंदिशी बहुतांशी ब्रज भाषेत किंवा तिच्या जवळच्या बोलींत असतात. बैठक संपवून बाहेर पडणाऱ्या मराठी श्रोत्यांना बंदिशीचा नीट अर्थ विचारून पाहा. सांगणारे थोडेच निघतील. 'पिया', 'सखी', 'बैरन' असे काही शब्द ओळखीचे असतात आणि तेवढ्यावर त्यांचे भागते. तराण्यात तर रूढ अर्थाने शब्दच नसतात. उस्ताद अमीर खाँ (१९१२-१९७४) यांनी तराण्याचा खास अभ्यास केला होता आणि त्यातल्या अक्षरांना फारसी-अरबी अर्थ आहे, असे त्यांचे मत होते. ते मत मान्य केले, तरी ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो अर्थ ठाऊक नसतो. तरीही तराणा रंगला की सारे सभागृह डोलू लागते. हा आनंद खोटा आहे असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

आपल्या काव्यशास्त्रालाही हा अनुभव ठाऊक आहे. नवव्या शतकात काश्मीरात होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त वाचकत्व आणि व्यंजकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दाखवताना गीताचाच दाखला दिला आहे. गीतातले नाद कोणत्याही वस्तूचे नाव सांगत नाहीत, म्हणजे ते वाचक नाहीत. परंतु त्यांतून रस अभिव्यक्त होतो, म्हणजे ते व्यंजक आहेत. परभाषेतले गाणे ऐकताना जवळजवळ हेच घडते. शब्दांचे वाचकत्व आपल्यापुरते बंद पडते, व्यंजकत्व मात्र चालूच राहते.

परंतु परभाषेतले गाणे म्हणजे नुसते सूर नव्हेत. तसे असते तर सनई ऐकून भागले असते, माणसाचा गळा कशाला हवा होता? अर्थ कळला नाही तरी भाषेला स्वतःचा असा नाद असतो आणि तो चालीत मुरलेला असतो. कन्नडचेच पाहा. या भाषेची ओढ शब्द स्वरान्त करण्याकडे आहे. उसना घेतलेला 'बस' हा शब्दही ती 'बस्सु' करते, 'कार'चे 'कारु' करते. त्यामुळे गायकाला जेथे म्हणून रेंगाळायचे असेल, तेथे एखादा स्वर हाताशी असतो. इटालियन भाषेतही बहुतेक शब्द स्वरान्त असतात आणि ऑपेराचे गायक तिला गळ्याला सोयीची मानत आले, त्याचे एक कारण हेच आहे. मराठीत आपण 'घर', 'मन', 'देव' हे शब्द बोलताना व्यंजनावर तोडतो. पण ओवी-अभंग गाताना लपलेला 'अ' पुन्हा बाहेर येतो आणि सुराला बसायला जागा देतो. भाषा चालीला असे वळण लावत असते. ते वळण कानाला कळते. त्यासाठी शब्दकोश लागत नाही.

पंडित भीमसेन जोशी (१९२२-२०११) यांची मातृभाषा कन्नड. त्यांची मराठी अभंगवाणी घरोघरी पोहोचली, तशी पुरंदरदासादी हरिदासांची कन्नड पदेही मराठी श्रोत्यांनी प्रेमाने ऐकली. सोळाव्या शतकातल्या पुरंदरदासांच्या पदांच्या शेवटी 'पुरंदर विठ्ठल' ही नाममुद्रा असते. एवढा वेळ परक्या शब्दांतून वाट काढत आलेल्या मराठी श्रोत्याला शेवटी एकदम आपला पंढरीचा विठोबा भेटतो. सगळे पद कळले नसले, तरी कोणाला हाक मारली जात होती ते कळते; आणि मागचे सगळे आर्जव त्या एका नावाने उजळून निघते.

येथपर्यंत सगळे सोपे वाटते. अर्थावाचून काही अडत नाही, असा निष्कर्ष काढून कोणी मोकळा होईल. तसे करण्यापूर्वी एका जपानी गाण्याची हकीकत पाहण्यासारखी आहे.

क्यू साकामोतो या तरुण गायकाचे एक गाणे १९६१ मध्ये जपानात निघाले. १९६३ च्या जूनमध्ये ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि तीन आठवडे तेथे राहिले. गाणे संपूर्ण जपानीत होते. दुसरे महायुद्ध संपून अठराच वर्षे झाली होती. ज्या देशाशी आपण लढलो, त्या देशाच्या भाषेतले गाणे अमेरिकन मुले गुणगुणू लागली, ही लहान गोष्ट नव्हे. हलकी ठेक्यातली चाल, मध्येच येणारी शीळ आणि गायकाच्या आवाजातला किंचित कंप, एवढ्या बळावर हे घडले.

पण गाण्याचे मूळ नाव परदेशी ग्राहकाच्या तोंडी बसणार नाही म्हणून व्यापाऱ्यांनी त्याला नवे नाव दिले, 'सुकियाकी'. सुकियाकी हा गोमांसाचा एक जपानी खाद्यप्रकार आहे आणि गाण्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. डोळ्यांतले पाणी खाली ओघळू नये म्हणून मान वर करून चालणाऱ्या एका एकाकी माणसाचे ते गाणे आहे. गीतकार रोकुसुके एई यांनी ते लिहिले, त्यामागे १९६० मध्ये जपान-अमेरिका सुरक्षा कराराविरुद्ध झालेल्या आंदोलनाच्या अपयशाची निराशा होती. म्हणजे अमेरिकेशी झालेल्या करारामुळे खचलेल्या मनातून निघालेले गाणे अमेरिकेने डोक्यावर घेतले, आणि तेही एका पदार्थाच्या नावाने! गाण्यातली हुरहुर तेथवर पोहोचली, ती कोणाची आणि कशाबद्दलची हे मात्र पोहोचले नाही. या हकीकतीतून मला दोन्ही गोष्टी दिसतात. अर्थावाचून मिळालेला आनंद खरा होता. आणि अर्थाची चौकशी न केल्याने समोरच्या माणसावर अन्यायही झाला.

आपल्या देशातही हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला आहे. त्यागराज (१७६७-१८४७) राहिले तमिळ मुलखात, तिरुवैयारूला. पण त्यांच्या कृती मुख्यतः तेलुगूत आहेत. तमिळ श्रोत्यांनी त्या मनापासून ऐकल्या. तरीसुद्धा पुढे मैफलींत तमिळ गाण्यांना बरोबरीचे स्थान हवे, अशी मागणी जोर धरू लागली आणि १९४३ मध्ये मद्रासला तमिळ इसै संगमाची स्थापना झाली. त्यागराजांचे सूर कमी पडले म्हणून ही चळवळ झाली नाही. कळणाऱ्या भाषेत गाणे ऐकण्याचा आपलाही हक्क आहे, आपली भाषा गाण्याच्या योग्यतेची आहे, हे तिचे म्हणणे होते. पाश्चात्त्य ऑपेरातही १९८३ मध्ये कॅनडातल्या टोरोंटो येथे 'एलेक्ट्रा' या जर्मन ऑपेराच्या वेळी रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवण्याची प्रथा सुरू झाली आणि ती बघता बघता जगभर पसरली. नादावर तृप्त असलेल्या श्रोत्यालाही आतून अर्थाची भूक असतेच, असा याचा अर्थ.

भाषेनंतर येतो तो उच्चारांचा प्रश्न. लता मंगेशकर यांच्या उमेदवारीच्या काळातली एक गोष्ट त्या स्वतः सांगत. मराठी गायकांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो, अशा अर्थाचे काही दिलीपकुमार त्यांच्यासमोर बोलून गेले. ते मनाला लागले, आणि लताबाईंनी शिक्षक ठेवून उर्दूचा अभ्यास केला. दुसऱ्याच्या भाषेत गायचे तर तिचा मान ठेवून गायचे, हा त्यातला धडा मोलाचाच आहे.

पण आपल्याच बोलीत गाणाऱ्याने काय करावे? इंग्लंडातली एक गंमत आहे. साठीच्या दशकातले ब्रिटिश पॉप गायक बोलत आपापल्या गावच्या हेलात आणि गाताना मात्र उच्चार काढत अमेरिकन धाटणीचे. पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये यावर एक लेख प्रसिद्ध केला. बीटल्सच्या आरंभीच्या गाण्यांत अमेरिकन पद्धतीने उच्चारलेला 'र' अधिक आढळतो आणि पुढच्या गाण्यांत तो कमी होत जातो, हे त्यांनी मोजून दाखवले. जगाने मान दिल्यावर लिव्हरपूलच्या पोरांना आपल्या जिभेची लाज वाटेनाशी झाली, असे मी त्याचे तात्पर्य काढतो.

हे वाचताना मला आपल्याच स्नेहसंमेलनातला एक प्रसंग आठवला. रावेर तालुक्यातल्या एका मुलीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. गळा चांगला होता. पण 'डोळे'च्या जागी 'डोये' आणि 'मला'च्या जागी 'माले' ऐकू येताच मागच्या रांगांत हशा पिकला. पुढच्याच कार्यक्रमात एका विद्यार्थ्याने स्पॅनिश गाणे म्हटले. त्यातला एक शब्दही कोणाला कळत नव्हता; टाळ्या आणि 'वन्स मोअर' यांनी छप्पर उडायचे बाकी राहिले. मी त्याच मुलखातला. माझ्या आजीची बोली तीच. 'ळ'चा 'य' होणे हे आमच्याकडचे चुकलेले मराठी नव्हे; तो त्या बोलीचा नियम आहे आणि बोलणारी माणसे तो काटेकोर पाळतात.

बहिणाबाई चौधरींचे (१८८०-१९५१) काव्य याच बोलीतले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या मागे १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघाला, आणि १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटातून ती गाणी महाराष्ट्रभर गेली. ती प्रमाण मराठीत 'सुधारून' घ्यावीत असे कोणाला वाटले नाही. एखाद्या ओळीत 'य'च्या जागी 'ळ' घालून पाहा. अर्थ तोच राहील, पण ओळीतला मऊपणा जाईल आणि पुष्कळदा यमकही मोडेल. कुमार गंधर्वांनाही (१९२४-१९९२) हे उमगले होते. मातृभाषा कन्नड असलेले हे गायक १९४८ मध्ये क्षयाच्या आजारामुळे देवासला राहायला गेले. तेथे बायाबापड्यांची माळवी लोकगीते त्यांनी कान देऊन ऐकली, त्यांचा अभ्यास केला, आणि स्वतःच्या कित्येक बंदिशी माळवीत बांधल्या. १९६५ च्या 'अनूपरागविलास'मध्ये त्या वाचायला मिळतात. एवढ्या मोठ्या कलावंताने परक्या मुलखातल्या खेडवळ बोलीला गुरू मानले. आपण आपल्याच जिल्ह्यातल्या बोलीला हसतो.

तेव्हा परभाषेतले गाणे ऐकावे कसे? माझी रीत साधी आहे. प्रथम अर्थाच्या मागे न लागता दोन-तीन वेळा ऐकावे. गायक श्वास कोठे घेतो, कोणता शब्द परत परत येतो, कोठे आवाज दबतो, याकडे लक्ष द्यावे. मग अर्थ शोधावा. आज खिशातल्या मोबाइलवर भाषांतर मिळते. पण ती भाषा बोलणारा माणूस भेटला तर उत्तम, कारण गाणे लग्नातले की मरणातले, हे तोच सांगू शकतो. नंतर पुन्हा ऐकावे. पहिल्या ऐकण्यातले आपले काही अंदाज खरे ठरतात, काही पडतात, आणि दोन्हींत मौज असते. शेवटी एखादी ओळ स्वतः म्हणून पाहावी. कानाला जे हास्यास्पद वाटले होते, ते जिभेला किती अवघड आहे हे कळले की हसू आपोआप थांबते.

हीच रीत घरच्या बोलींनाही लावावी, एवढेच माझे मागणे आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनात अहिराणी, लेवा, वऱ्हाडी, मालवणी, पावरी अशा बोलींतली गाणी जरूर ठेवावीत. निवेदकाने 'ग्रामीण ढंगातले' म्हणून त्यांची ओळख करून देऊ नये. बोलीचे नाव सांगावे, गाणे केव्हा गातात ते सांगावे, अर्थ दोन वाक्यांत सांगावा आणि खाली बसावे. पुढचे काम श्रोत्यांच्या कानांचे आहे. आणि जे कान स्पॅनिशपर्यंत पोहोचतात, त्यांना रावेर काही फार लांब नाही.