विश्लेषण: दीडशे ‘पीएस’ची फॅमिली सेडान तासाभरात १९० ‘पीएस’ची? रीमॅपमध्ये नेमके काय बदलते, जोखीम कुणाची?

गेल्या महिन्यात मावसभावाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. फोक्सवॅगन व्हर्टस घेऊन त्याला आठ महिने झालेत, इंजिन १.५ टीएसआय, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक डीएसजी. ‘अरे, लॅपटॉप लावला की तासाभरात १५०चे १९० होतात म्हणे. पन्नास हजार सांगतोय. तू इंजिनीअर ना, करू का?’

या लॅपटॉपवाल्या कामाला ‘स्टेज १ रीमॅप’ म्हणतात. टर्बो पेट्रोल गाड्या मध्यमवर्गीय पार्किंगमध्ये आल्यापासून हा प्रश्न वारंवार येतो. उत्तर शोधताना १९० या आकड्यापेक्षा दुसराच आकडा महत्त्वाचा निघाला. तो पुढे येईलच.

आधी पीएस आणि टॉर्क

जाहिरातीत पीएस मोठ्या अक्षरात असतो, पण घाटात ट्रकच्या मागून बाहेर पडताना जाणवतो तो टॉर्क. हिशेब सोपा आहे: टॉर्कला (एनएम) इंजिनच्या आरपीएमने गुणा आणि ७०२३ने भागा, पीएस मिळतो. होंडा सिटीचे साधे, म्हणजे बिनटर्बोचे १.५ लिटर इंजिन १२१ पीएसचे. त्याचा कमाल टॉर्क १४५ एनएम, तोही ४३०० आरपीएमला. म्हणजे २००० आरपीएमला ते जास्तीत जास्त ४१ पीएस देऊ शकते. व्हर्टस किंवा स्लाव्हियाचे १.० टीएसआय कागदावर सिटीपेक्षा कमी, ११५ पीएसचे. पण १७८ एनएम १७५० आरपीएमपासूनच मिळतो, म्हणून त्याच २००० आरपीएमला जवळपास ५१ पीएस हाताशी असतो. १.५ टीएसआय (२५० एनएम) तिथे ७१वर असते. ह्युंदाई व्हर्नाचे १.५ टर्बो (१६० पीएस, २५३ एनएम) साधारण त्याच रांगेत.

खंडाळ्याच्या चढावर चार माणसे आणि सामान घेऊन फरक पडतो तो इथे. आणि त्यासाठी रीमॅपची गरज नाही, कंपनीनेच तो दिलेला आहे.

मग रीमॅप काय करतो?

इंजिनचा कारभार ईसीयू नावाचा छोटा संगणक पाहतो. टर्बोने हवा किती दाबायची, पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी कधी पाडायची, याचे तक्ते त्यात असतात. रीमॅप म्हणजे हे तक्ते बदलणे. बूस्ट वाढतो, ठिणगी थोडी लवकर पडते, पेट्रोल जास्त जाते. पार्ट एकही बदलत नाही, म्हणून काम तासाभरात होते.

कंपनी मुळात ताकद राखून का ठेवते? कारण तीच गाडी नागपूरच्या ४५ अंशांत चालायची असते, कुठल्याही पंपावर भरायची असते आणि वॉरंटीची वर्षे निभवायची असतात. ट्यूनर विकतो ती हीच राखीव जागा. इंधनाचा मुद्दा तर सहसा कुणी विचारतच नाही. आपल्याकडे आता सर्वत्र ई२० पेट्रोल आहे. इथेनॉल ‘नॉकिंग’ला चांगला विरोध करते, पण त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, तेवढ्याच हवेसाठी जास्त इंधन सोडावे लागते. युरोपातल्या पेट्रोलवर बसवलेला मॅप इथे जसाच्या तसा टाकला, तर इंजेक्टर आणि पंपावर किती ताण येईल, हे ट्यूनरला विचारायलाच हवे. ‘सगळेच टाकतात’ हे उत्तर चालणार नाही.

खरा आकडा: २५०

भावाच्या गाडीतला सात गिअरचा डीएसजी ड्राय क्लचचा आहे. डीक्यू२०० या गिअरबॉक्सची टॉर्क झेलण्याची ठरलेली मर्यादा २५० एनएम आणि इंजिनचा टॉर्कही २५० एनएम. म्हणजे शोरूममधून निघालेली गाडी आधीच काठावर आहे. स्टेज १ नंतर ट्यूनर ३०० एनएमच्या पुढचे आकडे सांगतात. ड्राय क्लचला थंड करायला तेल नसते. एक्स्प्रेस वेवर सरळ जाताना काही जाणवणार नाही. चांदणी चौकात संध्याकाळी इंच-इंच सरकताना क्लच तापतो, तेव्हा जाणवेल. मॅन्युअल गाडीत पहिला बळी बहुधा क्लच प्लेटचा.

कंपनी स्वतः ताकद वाढवते तेव्हा काय करते, ते पाहण्यासारखे आहे. स्कोडाची २०२१ची ऑक्टाव्हिया २.० टीएसआय १९० पीएस आणि ३२० एनएमची होती. ऑक्टोबर २०२५मध्ये आलेली ऑक्टाव्हिया आरएस २६५ पीएस आणि ३७० एनएमची. इंजिनाचे घराणे एकच. पण आरएसला मोठे ब्रेक आणि बसकी, कडक सस्पेन्शन मिळाली. ४९.९९ लाख रुपयांची ही गाडी भारतात फक्त १०० आली. उलट, २०२२मध्ये आलेल्या व्हर्टस आणि स्लाव्हियाच्या १.५ टीएसआयलाही मागे ड्रम ब्रेक होते. व्हर्ना टर्बोला चारही डिस्क. ताशी १०० ऐवजी १२०ने जाताना ब्रेकला ४४ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. हे गणित लॅपटॉपने बदलत नाही.

वॉरंटी, विमा, कायदा

‘सर्व्हिसआधी पुन्हा स्टॉक करून देतो’ यावर विसंबू नका. अनेक ईसीयूंमध्ये किती वेळा फ्लॅश झाले याची मोजणी राहते. गिअरबॉक्सचा क्लेम आला की वर्कशॉप ती वाचू शकते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार आरसीवरील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच स्पष्ट केले. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२-अ (४)मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ‘पीयूसी पास होते ना’ हा युक्तिवाद कच्चा आहे. ती चाचणी गाडी उभी असताना होते, पूर्ण बूस्टवर नाही. रस्त्यावर पोलिस ईसीयू उघडून बघणार नाहीत, हे खरे. मोठ्या अपघातानंतर विमा सर्व्हेअर मात्र बघू शकतो, आणि न कळवलेला बदल सापडला की क्लेमचा वाद सुरू होतो. घरचे चौघे ज्या गाडीतून गावी जातात, तिच्याबाबत ही जोखीम मला पटत नाही. एकट्याची, वॉरंटी संपलेली, फक्त ट्रॅकवर नेण्याची गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

भावाला मी हे सगळे सांगितले. तो दोन दिवस नाराज होता. मग त्याच पैशांतून चार चांगले टायर घेतले आणि व्हील अलाइनमेंट करून घेतली. ताम्हिणीतून परतल्यावर त्याचा मेसेज होता, ‘गाडी वळणावर वेगळीच वाटते.’ नंतर लगेच दुसरा, ‘वॉरंटी संपल्यावर बघू.’

सेकंडहँड टर्बो गाडी बघत असाल, तर एक काम टोकन देण्याआधी करा. पोलो जीटी टीएसआय २०२२मध्ये बंद झाली, पण बाजारात अजून फिरते आणि हौशी मालकांची आवडती आहे. अधिकृत वर्कशॉपमध्ये नेऊन ईसीयूचे सॉफ्टवेअर कंपनीचेच आहे का, हे तपासून घ्या आणि स्कॅन रिपोर्टची प्रिंट मागा. मालक टाळाटाळ करू लागला तर दुसरी गाडी बघा.