आधुनिक चिनी वैद्यकीय संशोधन : मेंदूविकारांवरील अ‍ॅक्युपंक्चर ते आपत्कालीन उपकरणे – एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना :

सोलापूर जिल्ह्याचा चिनी वैद्यकाशी असलेला संबंध १९३८ पासूनचा आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला साहाय्य करण्यासाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. डॉ. अटल हे या पथकाचे प्रमुख होते. त्यांच्यासमवेत डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे होते. डॉ. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला व वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, उत्तर चीनमध्ये अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला. फेनिटॉइन या औषधाचा अपस्मारावरील गुण अमेरिकेत १९३८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी डॉ. कोटणीस चीनला निघाले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला होता.

डॉ. कोटणीस यांच्या सेवेचा गौरव वारंवार होतो. परंतु ज्या देशात त्यांनी देह ठेवला त्या देशातील वैद्यकीय संशोधन पुढे कोणत्या दिशेने गेले, याची चर्चा मराठीत तुलनेने कमी होते. चिनी उपचार म्हटले की एक तर अंधश्रद्ध स्वीकार, नाही तर सरसकट नकार अशा दोन टोकाच्या प्रतिक्रिया दिसतात. प्रस्तुत लेखात मेंदूविकारांवरील अ‍ॅक्युपंक्चर आणि आपत्कालीन उपचार या दोन क्षेत्रांतील चिनी संशोधनाचा परामर्श घेऊन, त्यातील काय स्वीकारार्ह आहे व ते कोणत्या कसोटीवर ठरवावे, याचा विचार केला आहे.

रणभूमीवरील उपकरणे :

डॉ. कोटणीस ज्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे १९४१ मध्ये संचालक झाले, त्याला कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे नाव देण्यात आले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन बेथ्यून १९३९ मध्ये निवर्तले. जखमी सैनिक रुग्णालयापर्यंत पोहोचेपर्यंत दगावतो, म्हणून रुग्णालयच सैनिकापर्यंत नेले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी खेचराच्या पाठीवर बसेल अशी लाकडी पेटाऱ्यांची जोडी तयार करवून घेतली. सुमारे १०० शस्त्रक्रिया, ५०० मलमपट्ट्या आणि ५०० औषधयोजना यांना पुरेल एवढे साहित्य तीत मावत असे. जवळ जे आहे त्यातून वेळेवर पोहोचेल असे साधन घडविणे, हे या परंपरेचे मर्म होते. आजच्या आपत्कालीन संशोधनातही तोच प्रश्न केंद्रस्थानी आहे.

अ‍ॅक्युपंक्चर : प्रयोगशाळेतील शोध

डॉ. कोटणीस यांचे सहकारी डॉ. बसू यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणले. महाराष्ट्राने या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा केला, तर २०१९ मध्ये केंद्र शासनाने तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तथापि शासनमान्यता आणि विशिष्ट रोगावरील परिणामकारकता या दोन भिन्न गोष्टी आहेत.

शरीरातील विशिष्ट बिंदूंवर सुया टोचून ‘ची’ या जीवनशक्तीचा प्रवाह सुरळीत करणे, ही मूळ कल्पना. बीजिंगचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ हान जिशेंग यांनी १९६५ पासून या कल्पनेऐवजी मोजता येणाऱ्या परिणामांचा मागोवा घेतला. सुया टोचलेल्या सशाच्या मेंदूतील द्रव दुसऱ्या, सुया न टोचलेल्या सशात सोडला असता त्याचीही वेदना कमी होते, असे त्यांच्या गटास आढळले. याचा अर्थ, सुईमुळे मेंदूत काही रासायनिक द्रव्य निर्माण होत असले पाहिजे. सुयांतून सेकंदाला २ आवर्तनांचा मंद विद्युतप्रवाह दिल्यास एन्केफॅलिन आणि १०० आवर्तनांचा दिल्यास डायनॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे पुढील प्रयोगांतून निष्पन्न झाले. वेदनेच्या बाबतीत सुईचा परिणाम केवळ मनाचा खेळ नाही, एवढे यातून सूचित होते. मात्र वेदना शमविणे वेगळे आणि रक्तपुरवठ्याअभावी मेलेल्या मेंदूच्या पेशी सावरणे वेगळे.

रुग्णांवरील चाचण्यांचा कौल :

१९७१ च्या सुमारास जिआओ शुनफा यांनी मस्तकावरील अ‍ॅक्युपंक्चरची पद्धत मांडली. १९७२ मध्ये तिआनजिनचे शी श्युएमिन यांनी पक्षाघातासाठी विशेष पद्धत विकसित केली. चीनमधील असंख्य रुग्णालयांत या पद्धती रूढ झाल्या. त्यांच्या यशाचे दावेही मोठे होते. परंतु पक्षाघातानंतर बऱ्याच रुग्णांत काही सुधारणा उपचारांविनाही होते. म्हणूनच तुलनागट आवश्यक ठरतो. रुग्णांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट करावयाचे, एकास खरे व दुसऱ्यास लुटुपुटीचे अ‍ॅक्युपंक्चर द्यावयाचे आणि कोणास काय दिले हे ठाऊक नसलेल्या परीक्षकाने परिणाम मोजावयाचा, अशी ही रीत आहे.

या रीतीने तपासता निष्कर्ष रोगागणिक बदलतात. अर्धशिशीबाबत कौल बराच अनुकूल आहे. कोक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात २२ चाचण्या व ४,९८५ रुग्णांचा विचार झाला आणि अ‍ॅक्युपंक्चरने झटक्यांची वारंवारता घटते असे दिसले. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या २५२ रुग्णांवरील चिनी चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत भाषोपचाराच्या जोडीला खरे अ‍ॅक्युपंक्चर मिळालेल्यांची भाषिक क्षमता अधिक सुधारली. याउलट, पक्षाघाताच्या तीव्र अवस्थेविषयीच्या २०१८ च्या कोक्रेन आढाव्यात ३३ चाचण्या व ३,९४६ रुग्ण होते. परंतु चाचण्यांचा दर्जा हलका असल्याने ठोस शिफारस करता आली नाही. अपस्माराबाबत २०१४ च्या आढाव्यातील १७ चाचण्यांनी अ‍ॅक्युपंक्चरच्या वापरास आधार दिला नाही. ज्या विकाराने डॉ. कोटणीस गेले, त्यावर औषधे थांबवून सुयांवर विसंबणे म्हणजे जिवाशी खेळणे होय.

स्वतःच्या परंपरेची परीक्षा :

परंपरेतून अस्सल औषध निघू शकते, याचे ठळक उदाहरण आर्टेमिसिनिनचे आहे. १९६७ मध्ये सुरू झालेल्या हिवतापविरोधी प्रकल्पात तू योयो यांना चौथ्या शतकातील ग्रंथात ती वनस्पती गार पाण्यात भिजवून पिळण्याचा उल्लेख आढळला. उकळल्याने गुणकारी द्रव्य नष्ट होत असावे, असा तर्क करून त्यांनी कमी तापमानावर ईथरने अर्क काढला. या कार्यास २०१५ चे नोबेल पारितोषिक लाभले. येथे ग्रंथाने दिशा दाखविली, निर्णय मात्र प्रयोगाने दिला.

परीक्षा प्रामाणिक असेल तर तिच्यात अपयशही पदरी येते. मेंदूतील रक्तस्रावावर चीनमध्ये ‘झोंगफेंग शिंगनाओ’ हा वनौषधी काढा वापरला जातो. चिनी संशोधकांनी २६ रुग्णालयांतील १,६४८ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार काढा आणि बनावट औषध यांच्या परिणामांत फरक आढळला नाही. आपल्याच परंपरेतील औषध निष्प्रभ ठरल्याचे जगापुढे मांडणे, हे या संशोधनाच्या प्रौढत्वाचे लक्षण मानावे लागेल.

आपत्कालीन उपचार आणि साधी उपकरणे :

पक्षाघात दोन प्रकारचा असतो. रक्तगुठळीने रक्तवाहिनी बंद होते किंवा रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाह्य लक्षणे सारखी असली तरी उपचार परस्परविरुद्ध असतात. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेच रक्तस्रावाच्या रुग्णास घातक ठरते. दोहोंतील भेद सी.टी. स्कॅनशिवाय खात्रीने कळत नाही.

रुग्णवाहिकेतच रक्तदाब उतरविला तर लाभ होईल काय, याची तपासणी चीनमध्ये २,४०४ रुग्णांवर झाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत एकंदर लाभ दिसला नाही. निदान निश्चित झालेल्यांपैकी ४६.५ टक्के रुग्णांना रक्तस्राव झाला होता. त्यांना फायदा झाला, परंतु गुठळीच्या रुग्णांचे नुकसान झाले. म्हणजे रुग्णवाहिकेत औषध असणे पुरेसे नाही, निदानाचे साधनही हवे. सी.टी. यंत्र बसविलेल्या रुग्णवाहिकांचा प्रयोग जर्मनीत २००८ मध्ये सुरू झाला. भारतात आसाममध्ये तो ग्रामीण भागासाठी हाती घेण्यात आला आहे.

सर्वच उपाय महागडे असतात असे नाही. मेंदूतील रक्तस्रावाच्या ७,०३६ रुग्णांवरील चाचणीत चीनसह भारत व अन्य देश, अशा एकूण दहा देशांतील १२१ रुग्णालये सहभागी होती. रक्तदाब, रक्तातील साखर आणि ताप यांवर त्वरित नियंत्रण ठेवावयाचे आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवावयाचा, असा चतुःसूत्री उपचार तीत योजला होता. २०२३ मधील निष्कर्षानुसार त्यामुळे मृत्यू व अपंगत्व यांत घट झाली. यासाठी लागणारी रक्तदाबमापक, साखरमापक व तापमापक ही उपकरणे तालुका पातळीवरील रुग्णालयातही असतात. गरज असते ती ठरलेल्या वेळेत ठरलेली कृती करण्याच्या शिस्तीची.

बार्शीचा धडा :

अशी शिस्तबद्ध चाचणी केवळ महानगरांतच होऊ शकते, हा समज बार्शीने खोटा ठरविला आहे. येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मृती केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे ५२ समूह करून ते चिठ्ठी पद्धतीने चार गटांत विभागले गेले. विषाणूच्या एकाच चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तुलनागटास तपासणी न देण्याच्या नैतिकतेवर पुढे वाद झाला, हेही नमूद केले पाहिजे. पक्षाघात आणि अ‍ॅक्युपंक्चर यांविषयीचे दावे तपासण्यासाठी लागणारी दृष्टी या मातीस परकी नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

निष्कर्ष :

१. अ‍ॅक्युपंक्चर हे एकच औषध समजून त्याच्या बाजूने वा विरोधात मत देणे अशास्त्रीय आहे. अर्धशिशीत त्यास चांगला आधार आहे, वाचाघातात आशादायक, तर अपस्मारात आधार नाही.

२. पक्षाघाताच्या पहिल्या काही तासांत रुग्णास सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे. अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करावयाचाच असेल तर तो पुनर्वसनाच्या टप्प्यावर, वैद्यांच्या सल्ल्याने व्हावा.

३. महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ वाहनांनिशी सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेसारख्या यंत्रणेचा पक्षाघातात खरा उपयोग तेव्हाच होईल, जेव्हा तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे व बोबडी वळणे ही लक्षणे घरातील माणसे ओळखतील.

४. ही ओळख करून देण्यात महाविद्यालयांचा वाटा मोठा असू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरांत या तीन लक्षणांची माहिती देण्यास कोणत्याही उपकरणाची आवश्यकता नाही.

चिनी वैद्यकाकडून घेण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे परंपरेबद्दल आदर बाळगूनही तिला चाचणीपुढे उभे करण्याची तयारी. आयुर्वेदाचा वारसा सांगणाऱ्या समाजास तिची विशेष गरज आहे.