नीळ, पैठणी आणि रंग बदलणारे प्लॅस्टिक

येवल्याच्या पेठेत पैठणी दाखवताना विक्रेता ती उजेडात जरा तिरकी धरतो. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. पदर हलला की छटा पालटते. हा विणीचा खेळ. पण एकच धागा, तोही प्लॅस्टिकचा, विजेच्या इशाऱ्यावर रंग बदलू लागला तर?

पॉलीअ‍ॅनिलीन नावाचे बहुवारिक नेमके हेच करते. काचेवर त्याचा पातळ विद्युतवाहक थर द्यावा, आम्लाच्या द्रावणात बुडवावा आणि विद्युतदाब हळूहळू वाढवावा. फिकट पिवळ्याचा हिरवा होतो, मग निळा, शेवटी जांभळट. दाब उतरवला की रंग उलट्या पावली परत! लंडनच्या हेन्री लेथबींना १८६२ सालीच प्लॅटिनमच्या पट्टीवर असा निळसर-हिरवा थर मिळाला होता. गंमत म्हणजे ‘अ‍ॅनिलीन’ हे नाव आपल्याच ‘नील’ शब्दावरून, अरब आणि पोर्तुगिजांच्या तोंडून फिरत युरोपात गेलेले. १८२६ मध्ये हा पदार्थ प्रथम मिळाला तोही निळीतूनच. पुढे त्याच रसायनविद्येने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणून निळीच्या शेतीचा कणा मोडला, हेही विसरायला नको.

हे घडते कसे? या रेणूंच्या लांब साखळीतले काही इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेले नसतात. त्यांना वरच्या पायरीवर चढायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्या ऊर्जेचा प्रकाश ते शोषतात. उरलेला आपल्याला रंग म्हणून दिसतो. पायरीची उंची बदला, रंग बदलेल. १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायरमिड व हीगर यांनी पॉलीअ‍ॅसिटिलीनला आयोडीनची वाफ दिली, तेव्हा त्याची विद्युतवाहकता कोटीपट वाढली. त्यासाठी २००० साली नोबेल मिळाले.

१९९० मध्ये केंब्रिजच्या बरोज, फ्रेंड आदींनी अशाच एका बहुवारिकातून पिवळट-हिरवा उजेड काढला. साखळीला बाजूने योग्य अणुगट जोडले, की तोच उजेड नारिंगी होतो.

मग आपल्या मोबाइलच्या पडद्यात हे प्लॅस्टिक का नाही? तिथे बाजी मारली ती छोट्या सेंद्रिय रेणूंनी. त्यांनाही हवा आणि ओल सोसत नाही, म्हणून पडदा घट्ट सीलबंद करावा लागतो. त्यातही निळा रंग सर्वांत आधी थकतो. त्याची पायरी सर्वांत उंच. तेवढ्या ऊर्जेने रेणूंचे बंधच तुटू लागतात. म्हणून अनेक पडद्यांत निळे ठिपके मुद्दाम मोठे ठेवतात, ताण विभागला जावा यासाठी.